सासर परदेशी, मूल कडेवर

लहान मूल घेऊन जोडीदाराच्या देशी जायचं ठरलं की जो तो विमानाची भीती घालतो. विमानातले बारा-चौदा तास अवघड असतातच, पण ते संपतात. खरं काम त्याआधी कागदांत असतं आणि त्यानंतर घरात. दोन्हीकडे एक गोष्ट आधी ठरलेली हवी: कुठलं काम कोणाचं. आमच्यात एक जण ‘घरचा’ असतो, म्हणजे ज्याचे आईवडील तिथे आहेत तो, आणि दुसरा ‘पाहुणा’. तिथली भाषा, तिथले नियम आणि तिथली माणसं घरच्याकडे. मुलाची झोप, खाणं, औषधं आणि सामान पाहुण्याकडे. ‘दोघं मिळून बघू’ असं म्हटलं की काही कामं दोनदा होतात आणि काही कोणीच करत नाही.

कागदांची सुरुवात मुलाच्या नागरिकत्वापासून करावी, व्हिसापासून नाही. आई किंवा बाबा नागरिक असले की मूल जन्मतःच नागरिक ठरतं, असा कायदा बऱ्याच देशांत आहे. तुम्ही तिथे नोंद केली असो वा नसो. अशा मुलासाठी व्हिसा मागितला तर वकिलात विचारते, आमच्याच नागरिकाला व्हिसा कसला? मग जन्माची नोंद, नागरिकत्वाचा दाखला, पासपोर्ट या क्रमाने सगळं करावं लागतं आणि त्यात महिने जातात. अमेरिकेचा नियम तर उघड आहे: अमेरिकी नागरिकाने, त्याच्याकडे आणखी एखादं नागरिकत्व असलं तरी, देशात येता-जाता अमेरिकी पासपोर्टच वापरायचा. तान्ह्या बाळालाही यातून सूट नाही. उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. तुम्ही राहता तो देश दुहेरी नागरिकत्व मानत नसेल, तर मुलाचा दुसरा पासपोर्ट काढल्याने पहिल्याचं काय होतं हे अर्ज करण्याआधी विचारून घ्यावं.

आत शिरताना अडवतील अशी सगळ्यांना धास्ती असते; प्रत्यक्षात अडचण बाहेर पडताना येऊ शकते. ब्राझीलचं उदाहरण घ्या. ब्राझिली नागरिक असलेलं अल्पवयीन मूल एकाच पालकाबरोबर देशाबाहेर निघालं, तर दुसऱ्या पालकाची साक्षांकित संमती दाखवावी लागते. आजी-आजोबांना भेटायला दोघं मिळून गेलात, एकाची रजा आधी संपली, दुसरा मुलाला घेऊन मागून निघाला, की विमानतळावर संमती मागितली जाते आणि सही करणारा तोवर दुसऱ्या खंडात पोहोचलेला असतो. म्हणून दोघंही एकत्र जाणार आणि एकत्र येणार असं पक्कं असलं तरी, निघण्यापूर्वी दोघांनी एकमेकांच्या नावे संमतीपत्र करून ठेवावं. त्यात मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, दोन्ही पालकांची नावं आणि पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, राहण्याचा पत्ता आणि संमती देणाऱ्याचा फोन असावा. सही नोटरीसमोर करावी. त्या देशाच्या भाषेतलं भाषांतर जोडावं. काही ठिकाणी अपॉस्टिलही मागतात, म्हणजे १९६१ च्या हेग करारानुसार कागदावर लागणारा शिक्का. तो लावून घ्यायला वेळ लागतो.

अधिकारी एवढी चौकशी का करतात हे माहीत असलं की त्यांचा राग येत नाही. पालकांपैकी एकाने मूल आपल्या देशात नेलं आणि परत आणलंच नाही, अशी प्रकरणं घडतात. त्यांच्यासाठी १९८० चा स्वतंत्र हेग करार आहे आणि सगळे देश त्यात सामील नाहीत. त्यामुळे मूल, एकच पालक आणि वेगळं आडनाव असं दिसलं की प्रश्न येणारच. तीन-चार वर्षांच्या मुलाला अधिकारी थेट विचारतात, ‘हे कोण?’ मुलाने लाजून तोंड लपवलं तर बिघडत नाही, पण जन्मदाखला हाताशी हवा. आई, बाबा आणि मूल यांची आडनावं जुळत नसतील तर विवाहाचा दाखलाही.

व्हिसाच्या बाबतीत एक विसंगती सांगायलाच हवी. युरोपीय संघातल्या नागरिकाच्या जोडीदाराला संघातल्या दुसऱ्या देशात जाताना विनाशुल्क आणि जलद व्हिसाचा हक्क २००४ च्या निर्देशाने दिला आहे. पण नागरिकाच्या स्वतःच्या देशात, म्हणजे खुद्द सासरी जाताना, तो हक्क आपोआप लागू होत नाही. तिथे तुम्ही साधे पर्यटक. काही देश आपल्या नागरिकांच्या कुटुंबाला शुल्क माफ करतात, म्हणून वकिलातीला नेमकं विचारावं. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालणाऱ्या व्हिसाला, ६ वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही, १२ वर्षांखालच्यांना बोटांचे ठसे नाहीत, आणि मुलाच्या अर्जावर दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. अर्ज ६ महिने आधीपासून घेतात. मुक्काम कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत. आजी-आजोबा ‘अजून थोडं राहा’ म्हणतात तेव्हा हा आकडा उपयोगी पडतो.

तान्ह्याचा पासपोर्टचा फोटो घरीच काढता येतो. खिडकीजवळ जमिनीवर पांढरी चादर घट्ट ताणून बाळाला तिच्यावर पाठीवर ठेवायचं आणि वरून फोटो घ्यायचा. स्वतःची सावली पडू द्यायची नाही, आधार देणारा हात फोटोत येऊ द्यायचा नाही. दूध पिऊन उठल्यावरची पहिली दहा मिनिटं साधावीत. डोळे उघडे आणि तोंड मिटलेलं तेव्हाच मिळतं. मुलांचे पासपोर्ट बहुधा ५ वर्षांचे असतात आणि अनेक देशांना त्यात ६ महिन्यांची मुदत शिल्लक लागते, हे हिशोबात धरावं.

तिकिटाला दोन वर्षांची रेषा असते. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून जाऊ शकतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं भाडं साधारणपणे मोठ्यांच्या १० टक्के, वर कर. वय प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी मोजतात. जाताना २३ महिन्यांचं असलेलं मूल तिकडे दोन वर्षांचं झालं, तर परतीला त्याला स्वतःची सीट घ्यावीच लागते. ही गोष्ट बुकिंग करतानाच सांगावी, नाहीतर ऐन परतीच्या आठवड्यात शेजारची सीट उरलेली नसते. मुलाचं तिकीट पालकाच्याच बुकिंगमध्ये जोडलेलं हवं. विमान कंपनीचे जमवलेले पॉइंट वापरून तिकीट काढणाऱ्यांनी जास्त सावध राहावं: पालकाची सीट पॉइंटवर निघाली तरी काही कंपन्या बाळाचे १० टक्के त्या वर्गाच्या पूर्ण रोख भाड्यावर लावतात, आणि वरच्या वर्गात तो आकडा डोळे पांढरे करतो.

बॅसिनेट, म्हणजे समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा, फोन करून मागावा लागतो आणि मिळेलच असं नाही. वजनाची मर्यादा साधारण १० किलोच्या आसपास असते, काही कंपन्यांत जास्त. पण बहुतेक वेळा बाळाचे पाय आधी बाहेर येतात. शिवाय पट्टा बांधण्याचा दिवा लागला की झोपलेल्या बाळाला उचलून मांडीवर घ्यावंच लागतं. त्या रांगेत सीटचे मधले हात उचलता येत नाहीत, कारण ट्रे त्यांच्यातच दडलेला असतो, आणि समोर बॅग ठेवायला जागा नसते. आमच्या मते सात-आठ महिन्यांपर्यंत बॅसिनेट सोन्यासारखं. त्यानंतर त्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही. दोन तान्ही मुलं शेजारी-शेजारी का बसवत नाहीत असा प्रश्न पडतो. कारण साधं आहे: बहुतेक विमानांत सीटच्या एका गटामागे ऑक्सिजनचा एकच मास्क जादा असतो.

परवडत असेल तर दोन वर्षांखालच्या मुलालाही स्वतःची सीट घ्यावी. मांडीवरच्या मुलाला धक्क्यांत हातांनी धरून ठेवणं शक्य नसतं. विमानासाठी मान्य असल्याची खूण असलेली कार सीट, रुंदीला ४० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर, बहुधा बसते. ती खिडकीकडे लावतात, म्हणजे कोणाचा रस्ता अडत नाही. साधारण १० ते २० किलोच्या आणि मीटरभर उंचीपर्यंतच्या मुलांसाठी ‘केअर्स’ नावाचा खांद्यावरून येणारा पट्टा मिळतो. तो फक्त विमानात चालतो, मोटारीत नाही.

मधला थांबा दोन ते तीन तासांचा ठेवावा. एक तासाचा थांबा म्हणजे मूल बगलेत मारून पळणं. चार तासांच्या पुढे मूल नेमकं दुसऱ्या विमानाच्या दारात झोपी जातं. बाबागाडी मधल्या विमानतळावर विमानाच्या दारात मिळणार की शेवटच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर, हे चेक-इनलाच विचारून टॅगवर पाहावं. ती पहिल्या विमानतळावर दारात घेतली याचा अर्थ दुसरीकडे दारात मिळते असा नाही. म्हणून झोळी किंवा बेबी कॅरिअर अंगावरच हवं.

हातातल्या बॅगेचं गणित असं: प्रवासाच्या दर दोन तासांना एक डायपर, वर उशिरासाठी पाच. मुलाचे दोन पूर्ण जोड, आणि प्रत्येक मोठ्या माणसाचा एक सदरा. उलटी मुलाच्या कपड्यांवर कमी आणि उचलणाऱ्याच्या छातीवर जास्त होते, आणि तसाच सदरा घालून सासूसासऱ्यांना भेटावं लागतं. ओल्या कपड्यांना झिपच्या पिशव्या. १०० मिलिलिटरची मर्यादा बाळाच्या दुधाला बहुतेक ठिकाणी लागू होत नाही, ‘प्रवासाला पुरेल इतकं’ नेता येतं. पण तपासणी मधल्या थांब्यावरही होते आणि नियम तिथला लागतो: ब्रिटनमध्ये आईचं काढलेलं दूध नेता येतं, गोठवलेलं मात्र हातातल्या सामानात चालत नाही, अमेरिकेत गोठवलेलंही चालतं. पावडरचं दूध करत असाल तर एकेका बाटलीची पावडर वेगवेगळ्या डबीत मोजून न्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार पाणी ७० अंश सेल्सिअसच्या खाली नसावं, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग बाटली थंड करून पाजायची आणि केलेलं दूध दोन तासांत संपवायचं, नाहीतर टाकायचं. विमानातलं गरम पाणी किती गरम आहे हे कळत नाही, म्हणून लांबच्या प्रवासात तयार द्रवरूप दुधाची पाकिटं बरी.

कान दुखतात ते मुख्यतः उतरताना. केबिनमधला दाब समुद्रसपाटीपासून १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. विमान उतरू लागलं की तो वाढतो आणि कानाच्या आतली नळी उघडल्याशिवाय आत-बाहेरचा दाब जुळत नाही. गिळलं की ती उघडते. उतरणं जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी सुरू होतं, म्हणून स्तनपान, बाटली किंवा पेल्यातलं पाणी तेव्हापासून थोडं थोडं द्यायचं. चाकं बाहेर येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

मूल झोपावं म्हणून सर्दीचं औषध देण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतंच. ऐकू नये. अशा औषधांनी काही मुलं उलट जास्त चेकाळतात, आणि प्रोमेथाझिन या झोप आणणाऱ्या ॲलर्जीच्या औषधाबद्दल तर दोन वर्षांखालच्या मुलांना श्वास बंद पडण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेत २००४ पासून सर्वांत कडक इशारा आहे.

औषधांच्या पेटीत सगळ्यात मोठा घोळ पॅरासिटामॉलचा. काही देशांत ते ॲसिटामिनोफेन नावाने मिळतं आणि सिरपची तीव्रता देशोदेशी बदलते: कुठे ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, कुठे २५०, अमेरिकेत १६०, आणि तान्ह्यांच्या थेंबांत काही ठिकाणी १ मिलिलिटरमध्येच १००. मात्रा वजनावर असते, एका वेळी साधारण प्रति किलो १० ते १५ मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे तर १२० च्या सिरपचे सव्वासहा मिलिलिटर होतात आणि २५० च्या सिरपचे तीन. घरून ‘एक चमचा’ लक्षात ठेवून गेलात आणि बाटली तिकडची उघडली, की दुप्पट तरी जातं किंवा निम्मं तरी. म्हणून डॉक्टरांकडून मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून घ्यावी, आणि आजीच्या कपाटातली बाटली लेबल वाचल्याशिवाय वापरू नये. जुलाबासाठी ओआरएसची पाकिटं घरूनच न्यावीत. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढच्याला १०० ते २००, घोटाघोटाने.

लसींसाठी निदान सहा आठवडे आधी जावं. गोवराची साथ असलेल्या भागात जाणाऱ्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला एक जादा डोस आधी देतात. तो नेहमीच्या वेळापत्रकात धरत नाहीत, त्यामुळे पुढचे डोस व्हायचे ते होतातच. तिकडच्या मंडळींनाही एक निरोप द्यावा लागतो: बाळ काही महिन्यांचंच असेल तर त्याला जवळ घेणाऱ्या मोठ्यांनी डांग्या खोकल्याची बूस्टर लस किमान दोन आठवडे आधी घेतलेली असावी. हा निरोप घरच्याने द्यायचा. पाहुण्याने दिला तर तो आक्षेपासारखा ऐकू येतो.

जेटलॅगचा अंदाज बांधता येतो. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं, पूर्वेकडे जाताना त्याहून हळू. आठ तासांचा फरक म्हणजे आठवडा गेलाच. मुक्काम आठवड्याचाच असेल तर मुलाला पूर्ण वळवण्याच्या भरीस पडू नये. उजेड हे मुख्य हत्यार, पण त्याची वेळ चुकली तर ते उलटतं. पश्चिमेकडे गेलात तर संध्याकाळचा उजेड द्या, मूल उशिरापर्यंत टिकतं. पूर्वेकडे आठ तास किंवा अधिक पुढे गेलात तर पहिले दोन दिवस पहाटेचं लख्ख ऊन टाळून दुपारचं द्या. तुमच्या घरी पहाटेचे चार तेव्हा तिथे दुपारचे बारा असतात. त्या वेळेच्या आधीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, नंतरचा पुढे. रात्री दोनला मूल टक्क जागं झालं तर खोलीत अंधार, आवाज हळू, मोबाइल किंवा टीव्ही नाही. भूक खरी असते, तेव्हा खायला द्यावं. या रात्री दोघांनी वाटून घ्याव्यात. घरच्याला दिवसा दुभाषी व्हायचं असतं, त्याचं डोकं शिणलेलं असेल तर सगळ्यांचाच दिवस फुकट.

मुलाची मोटारीतली सीट विमानतळावरून बाहेर पडण्याआधीच हवी, म्हणून ती उतरण्याआधी गाडीत बसवून ठेवायला सांगावं. इथे सासरचा माळा आडवा येतो. कुठल्यातरी भाचराची जुनी सीट तिथे असतेच आणि ती प्रेमाने पुसून ठेवलेली असते. सीटवर उत्पादनाचं वर्ष आणि मान्यतेचं लेबल असतं, त्याचा फोटो मागवावा. मुदत उलटलेली, अपघातात सापडलेली किंवा इतिहास माहीत नसलेली सीट घेऊ नये. युरोपात जुन्या आर-४४ नियमाच्या सीटची विक्री २०२४ च्या सप्टेंबरपासून बंद आहे. नव्या आर-१२९ मध्ये १५ महिन्यांपर्यंत मूल उलट्या तोंडाने बसवणं सक्तीचं. अमेरिकेचा नियम वेगळा. तिथली सीट युरोपात मान्य नाही आणि युरोपातली तिथे. विमानाच्या पोटात टाकून नेलेल्या सीटला आतून तडा गेला तर बाहेरून दिसत नाही. बसवल्यावर पट्टा जातो तिथे धरून हलवा: अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. थंड देशात जाड जाकीट काढूनच पट्टे आवळायचे. जाकिटामुळे पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत आतली हवा दबते आणि पट्टा सैल पडतो.

पाळण्याचंही तेच, फक्त इथे भावना जास्त गुंतलेल्या असतात. ‘याच पाळण्यात तुझा नवरा झोपायचा’ असं म्हणत जो पाळणा खाली काढतात त्याची एक बाजू बऱ्याचदा खाली सरकणारी असते. अशा पाळण्यांत मुलं अडकून दगावली, म्हणून अमेरिकेत २०११ पासून त्यांची विक्री बंद आहे. कठड्याच्या दोन गजांतलं अंतर सहा सेंटिमीटरच्या आसपास, त्याहून जास्त नसावं. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांतलं शिसं १९७८ मध्ये थांबवलं, त्याआधीच्या फर्निचरवर मूल दात घासणार हे धरून चालावं. पाळण्याऐवजी घडीचा पलंग भाड्याने घ्यावा किंवा सोबत न्यावा, आणि जुना पाळणा खेळण्यांसाठी ठेवावा. म्हणजे तो वापरलाही जातो आणि कोणी दुखावत नाही. तान्ह्याला पाठीवर, कडक गादीवर, उशी-पांघरुणाशिवाय झोपवायचं. सोफ्यावर कोणी बाळाला पोटावर घेऊन डुलकी काढू लागलं तर उचलायचंच, मग ते आजोबा असोत.

पोहोचल्यावर पहिल्या तासात पाहुण्याने मुलाच्या उंचीवर बसून प्रत्येक खोली बघावी. ज्या घरात बरीच वर्षं लहान मूल राहिलेलं नाही तिथे धोका कपाटांत नसतो, पर्समध्ये असतो: आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सोप्या झाकणाची किंवा वारांच्या खणांची डबी. टीव्हीचा रिमोट, कानाचं यंत्र, वजनकाटा यांतल्या बटण-बॅटऱ्या पाहाव्यात. ही बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजतं, म्हणून गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट आपत्कालीन विभाग गाठायचा. मग किटलीची लोंबती वायर, खिडक्यांच्या पडद्यांच्या दोऱ्या, जिना, बागेतलं पाण्याचं कुंड, कुत्रा. कुत्रा कितीही गरीब असला तरी मुलाबरोबर एकटा सोडायचा नाही. वर्षाखालच्या बाळाला मध नाही, जिभेला लावण्यापुरताही नाही. द्राक्षं उभी चिरून. बाटली गरम करण्याचं यंत्र घरून नेत असाल तर त्यावर १००–२४० व्होल्ट लिहिलंय का पाहा. ॲडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. २३० व्होल्टचं यंत्र ११० वर पाणी कोमटच ठेवतं. उलट केलं तर जळतं.

माणसांचं आता. आठ महिने ते दीड वर्षाचं मूल अनोळखी चेहरे पाहून रडतं. त्यात राग मानण्यासारखं काही नाही, पण महिनोनमहिने वाट पाहिलेल्या आजीला ते लागतं. तयारी आधीच्या व्हिडिओ कॉलपासून होते. लांबलचक गप्पांपेक्षा रोज पाच मिनिटं, ठरलेल्या वेळी, ठरलेला एकच खेळ किंवा एकच चित्रांचं पुस्तक. तेच पुस्तक तिकडे आजीच्या हातात असलं की मुलाला ओळखीचा धागा मिळतो. विमानतळावर मुलाला कोणी हातांतून काढून घ्यायचं नाही. आजी-आजोबांनी आधी तुमच्याशी बोलावं, खाली बसावं, मुलाकडे न बघता एखादी वस्तू पुढे ठेवावी. वीस-तीस मिनिटांत मूल बहुतेक वेळा स्वतः येतं. हेही घरच्यानेच आधी फोनवर समजावलेलं हवं, विमानतळावर नाही.

भाषेसाठी घरच्याने निघण्याच्या काही आठवडे आधीपासून मुलाशी फक्त आपली भाषा बोलावी. तिकडे मूल पहिले काही दिवस गप्प राहतं. समजणं आधी येतं आणि बोलणं नंतर, आणि पहिली वाक्यं अनेकदा परतायच्या आठवड्यातच फुटतात. उलट दिशेची सोय जास्त गरजेची: मुलाचे स्वतःचे दहा-बारा शब्द, म्हणजे पाणी, शी, दुखतंय, नको, झोप, याला ते काय म्हणतं, हे आजीच्या लिपीत उच्चारासह लिहून फ्रिजवर लावा. तो कागद नसला तर मूल ‘मम’ म्हणून रडतं आणि आजी खेळणी आणत बसते. त्याच कागदावर आपत्कालीन नंबर (युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९ किंवा ११२, अमेरिकेत ९११), घराचा पूर्ण पत्ता आणि मुलाचं वजन लिहावं.

नियम किती सांगायचे? आमचं उत्तर तीन: मोटारीत सीटशिवाय नाही, झोपण्याची पद्धत आमची, औषध आणि गुदमरण्याजोगं खाणं आम्हाला विचारूनच. बाकी गोड, टीव्ही, उशिरा झोपणं, नको तितके लाड, सगळं सोडून द्यावं. वीस नियम सांगितले तर त्या वीसांत हे तीन हरवतात. सांगायचे घरच्याने, स्वतःच्या भाषेत, चारचौघांत नाही. पाहुण्याने तिथे नुसतं हो म्हणावं.

नातेवाइकांच्या भेटींत दिवसाला एकच घर, आणि शक्यतो त्यांनीच यावं. दुपारची झोप मोडली की संध्याकाळच्या जेवणाला मूल सगळ्या मंडळींसमोर आक्रस्ताळेपणा करतं आणि ‘लाडावलंय’ असा शिक्का बसतो. एक गोष्ट हमखास घडते: मूल अनोळखी घरात पाहुण्यालाच चिकटतं, कारण दिवसभराची सवय त्याची, आणि घरचा भावंडांत रमतो. पाहुण्याला ना भाषा ना मोकळीक. यावर उपाय वेळापत्रकाचाच आहे. रोज सकाळचे दोन तास मूल घरच्याकडे आणि आजी-आजोबांकडे, पाहुणा घराबाहेर, एकटा. संध्याकाळी एक तास उलट. आजी-आजोबांचं मुलाशी खरं जमतं तेही याच दोन तासांत, कारण मधे पडणारं कोणी नसतं.

परतीच्या आदल्या दिवशी सामान तोलावं. मांडीवरच्या बाळाला सामानाची मर्यादा कमी असते आणि आजीने दिलेल्या वस्तूंना वजन असतं. त्यातलं खाण्याचं काय नेता येतं ते पोहोचण्याच्या देशावर अवलंबून. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. बाळाची दूध-पावडर आणि बाळाचं खाणं माणशी २ किलोपर्यंत चालतं, तेही थंड ठेवावं न लागणारं आणि मूळ बंद पाकिटात. संमतीपत्र आणि जन्मदाखला परतीतही हातातल्याच बॅगेत ठेवावा. बाबागाडी मोडून आली तर विमानतळ सोडण्यापूर्वी काउंटरवर लेखी नोंद करून प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईच्या माँट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते.